पुण्यात नोकरी लागली, राहायचं कुठे? फ्लॅट बघण्याआधीची कामं, क्रमाने

"ताई, वाकडला टू बीएचके बघितलाय. फोटो मस्त आहेत, कव्हर्ड पार्किंग आहे. टोकन देऊन टाकू का?" मामेभावाचा फोन होता. ऑफिस कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, "मगरपट्ट्यात." पुण्याचा नकाशा उघडून बघा. वाकड एका टोकाला, मगरपट्टा दुसऱ्या टोकाला आणि मधे सगळं शहर.

असे फोन मला वर्षातून पाच-सहा तरी येतात. बार्शी, परभणी, अकोला, सांगली, कुठूनही. नोकरीसाठी दोन-दोन वर्षं तयारी केलेली मुलं राहायची जागा मात्र एका रविवारच्या दुपारी ठरवून मोकळी होतात. मीही बार्शीहून आले तेव्हा हेच केलं होतं, आणि एप्रिलमध्ये बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिले होते. त्यानंतर चार घरं बदलली. बहुतेकांची चूक एकच असते: आधी फ्लॅट आवडतो, मग एरिया पत्करावा लागतो. हा क्रम उलटा हवा. फ्लॅट नवव्या टप्प्यावर येतो, त्याआधी एकाही मालकाला फोन करू नका.

१. ऑफिसचं गेट शोधा

ऑफर लेटरवर "पुणे" लिहिलेलं असतं, फार तर "हिंजवडी" किंवा "खराडी". तेवढ्यावर भागत नाही. एचआरला मेल करून चार गोष्टी लेखी विचारा:

- कोणती इमारत, कोणतं गेट? हिंजवडीत फेज १ च्या तोंडापासून फेज ३ पर्यंत पाच-सहा किलोमीटर आहेत आणि गर्दीच्या वेळी तेवढ्यातच खूप वेळ जातो. चाकणमध्ये तर "चाकण एमआयडीसी" म्हणजे नाणेकरवाडीही असू शकतं आणि भांबोली-वासुलीही.
- पहिले सहा महिने मी याच जागी असणार का? ट्रेनिंग एका ऑफिसात आणि प्रोजेक्ट दुसऱ्या टोकाला, हे नेहमी घडतं.
- आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यायचं?
- कंपनीची बस किंवा कॅब आहे का, आणि तिचे पिकअप पॉइंट कोणते?

> सावधान: एकाच नावाच्या जागांनी फसायला होतं. बाणेर-बालेवाडीजवळचं म्हाळुंगे वेगळं, चाकणजवळचं महाळुंगे इंगळे वेगळं. पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव आणि पिंपळे निलख ही तीन गावं आहेत. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ तर तीन दिशांना. जाहिरातीत एरियाच्या पुढे "ॲनेक्स" किंवा "अप्पर" असं शेपूट दिसलं तर सरळ विचारा, "गावाचं नाव काय?"

२. शिफ्ट ठरली की अर्धा नकाशा आपोआप पुसला जातो

सकाळी सहाची फर्स्ट शिफ्ट असेल तर रस्ते रिकामे मिळतात आणि लांबचं घरही चालतं. जनरल शिफ्टला तेच घर नकोसं होतं. रात्री अकरा-बाराला सुटणाऱ्याला अंतरापेक्षा गल्ली महत्त्वाची: दिवे आहेत का, रिक्षा मिळते का, सोसायटीचं गेट किती वाजता बंद होतं.

कंपनीच्या कॅबला अंतराची किंवा हद्दीची मर्यादा असते, ती आधी विचारा. बाहेर राहिलात तर ड्रॉप मिळत नाही. महिलांसाठी आणखी एक: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईने काम करायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्थाही असावी लागते. "मेन रोडला सोडतो, पुढे चालत जा" हे मान्य करू नका. एरिया निवडताना आपल्या इमारतीच्या दारात गाडी वळते का, हेही बघून ठेवा.

कारखान्यात नोकरी असेल तर सुट्टीचा वार विचारा. भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते. नवऱ्याला गुरुवार आणि बायकोला रविवार अशी सुट्टी असली की घर कुठे घ्यायचं हा प्रश्न वेगळाच होतो, कारण मुलांना शाळेत ने-आण कोण करणार हे त्यावर ठरतं.

३. किलोमीटर मोजू नका, अडकणारे चौक मोजा

"ऑफिसपासून फक्त आठ किलोमीटर" या वाक्याला पुण्यात काही अर्थ नाही. आठ किलोमीटरवर एकही अडकणारा चौक नसेल तर पंचवीस मिनिटं लागतील, तीन असतील तर तासावर जाईल. कागदावर ऑफिस काढा, त्याभोवतीचे कुप्रसिद्ध चौक काढा आणि घर चौकाच्या अलीकडे हवं की पलीकडे ते ठरवा.

हिंजवडीसाठी हे चौक म्हणजे वाकडचा उड्डाणपूल, भूमकर चौक आणि शिवाजी चौक. फेज ३ ला ऑफिस असेल तर वाकड नकाशावर जवळ दिसतं, पण सगळे चौक मधेच येतात. त्यापेक्षा माण किंवा मारुंजीकडे आत राहिलेलं बरं. मात्र तिथे पाणी, ड्रेनेज आणि आतले रस्ते नीट तपासावे लागतात, कारण वस्ती वाढली त्या वेगाने सोयी वाढल्या नाहीत. फेज १ वाल्यांना वाकड, पुनावळे, ताथवडे ठीक. बालेवाडी-बाणेरला भाडं जास्त पडतं, पण शहराशी नातं राहतं.

खराडीला ऑफिस असेल तर लोक डोळे झाकून वाघोलीला जातात, कारण भाडं कमी. पण वाघोलीहून येताना नगर रस्त्याची गर्दी पूर्ण भोगावी लागते. चंदननगर, वडगाव शेरी, जुनी खराडी इथे इमारती जुन्या आणि लिफ्ट नसलेल्या मिळतील, पण त्या रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. तिशीच्या आतल्या एकट्या मुलाला मी हेच सुचवते. केशवनगर-मुंढवा नकाशावर अगदी नदीपलीकडे, मात्र मुंढवा चौक आणि पूल आधी स्वतः पार करून बघा.

चाकणसाठी नाशिक महामार्गावरचे आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक. मोशी-भोसरीत घर घेऊन जनरल शिफ्टला चाकणला जाणाऱ्यांचा दिवस त्या महामार्गावरच संपतो. कंपनीची बस असेल तर निगडी, चिंचवड, आकुर्डी सोयीचं; बसमध्ये झोप तरी होते. तळेगाव दाभाडे हा पर्याय अनेकांना सुचत नाही. चाकणच्या पश्चिमेकडच्या कारखान्यांना तो रस्ता पडतो आणि तळेगावला पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन आहे.

येरवडा, कल्याणीनगर, बंडगार्डन, शिवाजीनगर इथे ऑफिस असणारे नशीबवान. वनाज ते रामवाडी मेट्रो थेट कोथरूड, नळस्टॉप, डेक्कनवरून जाते, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो सिव्हिल कोर्टला तिला मिळते. म्हणजे कल्याणीनगरच्या ऑफिससाठी आयडियल कॉलनीत राहणं शक्य आहे, रोज, गाडी न काढता. स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असेल तरच हा हिशेब धरा. स्टेशनपर्यंत रिक्षा करावी लागली तर महिन्याभरात मेट्रो सुटते आणि गाडी बाहेर निघते.

> सावधान: ज्या मेट्रोच्या गाडीत आज बसता येत नाही ती मेट्रो धरून घर घेऊ नका. काम चालू असलेल्या मार्गाच्या कडेला राहायला गेलात तर सोय येईपर्यंत बॅरिकेड आणि धूळ वाट्याला येते, भाडं मात्र सोयीचं द्यावं लागतं.

तपासणी: गुगल मॅप्समध्ये निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ आधी घालता येते. मंगळवार किंवा बुधवार, तुमच्या शिफ्टची वेळ, जाताना आणि येताना, दोन्ही बघा. ॲप "३५ ते ७५ मिनिटं" असं दाखवेल. वहीत ७५ लिहा. पावसाळ्यात तोच आकडा खरा ठरतो.

एकेरी ४० मिनिटं जास्त म्हणजे दिवसाला ८०, महिन्याचे २४ दिवस धरले तर ३२ तास. भाड्यात तीन हजार वाचवण्यासाठी ३२ तास द्यायचे का, हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. काहींच्या बाबतीत उत्तर "हो" असतं आणि त्यात चूक नाही, पण ते आकडा समोर ठेवून आलेलं असावं.

४. घरातल्या दुसऱ्या माणसाचा नकाशा

एकटे असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा. जोडप्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. एकाचं ऑफिस हिंजवडीला, दुसऱ्याचं खराडीला. मग दोघं नकाशावर बरोबर मधला बिंदू शोधतात आणि औंध किंवा खडकीला घर घेतात. परिणाम असा की दोघंही दमतात.

माझा अनुभव सांगते. मधोमध घर घेऊन आम्ही दोन वर्षं काढली. मुलगी पाळणाघरात, आणि संध्याकाळी सातच्या आत तिथे पोहोचायला आम्हा दोघांपैकी कोणीच नाही. शेवटी घर माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर आणलं. नवऱ्याला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागायचं, त्याने लांबचा प्रवास घेतला. घरातला ताण त्या महिन्यात उतरला. तेव्हा विचारायचा प्रश्न हा: ज्याची वेळ हलत नाही तो कोण, आणि मुलाला आणायला जाणारा कोण? घर त्याच्या जवळ हवं.

शाळेचा प्रश्न असेल तर आधी शाळा, मग घर. बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी उरकतात, त्यामुळे मे महिन्यात घर घेऊन शाळा शोधायला निघालात तर उरलेलं मिळतं. स्कूल बसचा मार्ग तुमच्या सोसायटीवरून जातो का, आणि पहिला थांबा तुमचा तर नाही ना, तेही विचारा. पहिला थांबा म्हणजे पोराला पहाटे उठवणं. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून) प्रवेश हवा असेल तर घर आणि शाळेतलं अंतर बघितलं जातं आणि भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो नसल्याने प्रवेश हुकलेली घरं मला माहीत आहेत.

आई-वडील सोबत येणार असतील तर तीन गोष्टी पायी अंतरावर हव्यात: दवाखाना, भाजी, देऊळ किंवा बाग. गावाकडून आलेल्या माणसाला विसाव्या मजल्यावर कोंडल्यासारखं होतं. आई-वडील येणार असतील तर कोथरूड, चिंचवडगाव, निगडी प्राधिकरण, सहकारनगर असे जुने, चालता येण्याजोगे भाग नव्या टॉवरपेक्षा आधी बघा.

५. पाणी: इथे दोन दिवस घाला

सगळ्यात जास्त घरं याच टप्प्यावर चुकतात, म्हणून इथे जरा थांबते.

पुण्यात नळाला पाणी आहे की नाही हे इमारत किती महागडी आहे त्यावर ठरत नाही. पाइपलाइन कुठवर पोहोचली त्यावर ठरतं. शहराच्या कडेची गावं महापालिकेत नुकतीच आली: २०१७ मध्ये ११, मग २०२१ मध्ये आणखी २३, त्यात वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, नऱ्हे ही नावं आहेत. हद्दीत येणं आणि पाणी येणं यांत वर्षं जातात. तोवर सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात आणि टँकरचं बिल मेंटेनन्समधून तुमच्याकडेच येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड झालं. तिथे सोसायटीची जमिनीखालची टाकी किती मोठी, यावर सगळं अवलंबून.

म्हणून पहिला प्रश्न: हा पत्ता पुणे महापालिकेत, पिंपरी-चिंचवड महापालिकेत, कँटोन्मेंटमध्ये की ग्रामपंचायतीत? मालकाला विचारू नका, मालमत्ता कराची पावती मागा. त्यावर लिहिलेलं असतं.

दुसरं, पाण्याबद्दल मालकाला आणि एजंटला विचारून उपयोग नाही. "चोवीस तास पाणी" असंच उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं, टँकरचं पाणीही चोवीस तास येतंच. वॉचमनला विचारा. गेटवर पाच मिनिटं थांबा, आणि विचारण्याची पद्धत अशी ठेवा:

"काका, आज किती टँकर आले?"

"सकाळपासनं सात झाले. अजून चार येत्यात."

"आणि एप्रिल-मेमध्ये?"

"तवा बोलूच नका. पैसं देऊनबी वेळेवर येत नाय."

हे उत्तर एजंटकडून कधी मिळालं नसतं. "पाण्याचा प्रॉब्लेम आहे का" असं विचारलंत तर वॉचमनही "नाय नाय" म्हणतो, कारण त्याला सोसायटीची बदनामी करायची नसते. आकडा विचारला की आकडा मिळतो.

तिसरं, नळाकडे बघा. बाथरूमच्या तोटीवर, गिझरच्या सांध्यावर पांढरा जाड थर असेल तर पाणी जड आहे: बोअरचं किंवा टँकरचं. कपडे, केस, गिझरची कॉइल, सगळ्यावर परिणाम. पिण्यासाठी आरओचा खर्च धरा. चौथं, पाण्याची शुद्धता. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा तिथल्या पाण्याचा संशय आला होता. कोणत्याही कडेच्या भागात सोसायटीची टाकी वर्षातून किती वेळा धुतात आणि क्लोरिन कोण टाकतं, हे सेक्रेटरीला विचारा. उत्तर देताना सेक्रेटरी अडखळला तर ती नोंद करा.

> तपासणी: वहीत प्रत्येक एरियापुढे चार रकाने भरा. हद्द कोणती, नळाला किती तास, टँकर रोज किती, उन्हाळ्यात काय. एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

६. पूर, वास, आवाज, डास

रविवारी दुपारी यातलं काहीच कळत नाही, म्हणून मुद्दाम शोधावं लागतं.

नदी किंवा ओढ्याच्या काठची सोसायटी असेल तर निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. पण रेषेवर विसंबू नका. २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरच्या सखल भागात हाहाकार केला, आणि आंबिल ओढा एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. किराणा दुकानदाराला विचारा, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

कचरा डेपोचा वास वाऱ्याच्या दिशेवर येतो: फुरसुंगी-उरुळी देवाचीकडे आणि मोशीकडे संध्याकाळी जाऊन उभे राहा. लोहगाव, धानोरी, विमाननगरला हवाई दलाची विमानं उडतात; रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला हे भाग सुचवू नयेत असं मला वाटतं. केशवनगर-खराडीच्या नदीकाठाला उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णी वाढली की डासांचा कहर होतो. खालच्या मजल्यावर जाळी नसेल तर घेऊ नका.

७. तीन एरिया, तीन फेऱ्या

एवढं झालं की यादीत तीनच नावं राहायला हवीत. पाच राहिली असतील तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा. आता प्रत्येक ठिकाणी तीनदा जायचं:

1. कामाच्या दिवशी सकाळी, तिथून ऑफिसच्या गेटपर्यंत, ज्या वाहनाने जाणार त्याच वाहनाने. मित्राच्या कारमधून जाऊन "दुचाकीला लवकर होईल" असा अंदाज बांधू नका. चाकण-भोसरीकडे गुरुवारी ही फेरी करू नका, रस्ता रिकामा भेटेल.
2. रात्री साडेनऊनंतर. बसस्टॉपपासून घरापर्यंत चालत. दुकानं किती उघडी, बायका-मुली चालत जाताना दिसतात का, कुत्र्यांची टोळी किती, हे पायीच कळतं.
3. पाऊस पडल्यावर, किंवा पावसाळा नसेल तर संध्याकाळी सहा-सातला. खड्डे, तुंबलेलं पाणी, आणि घरी परतणारी माणसं किती वैतागलेली आहेत ते बघा.

फेरीत एक पोळी-भाजी केंद्र किंवा खानावळ शोधून तिथे जेवा. एकट्याने राहणाऱ्याला घराइतकीच ती लागते. आणि तिथल्या काकू एरियाबद्दल जे सांगतात ते कोणत्याच ॲपवर नसतं.

८. आधी एक महिना तात्पुरतं राहा

जॉइनिंगच्या आधी घर पक्कं हवं, ही घाई घरच्यांची असते. "पोरगं उघड्यावर पडेल" या काळजीपोटी वडील येऊन अकरा महिन्यांचा करार करून जातात. तसं करू नका. यादीतल्या पहिल्या एरियात पीजी किंवा कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने) एक महिना घ्या, एखादी बॅग आणि लॅपटॉप एवढ्यावर. कुटुंब असेल तर ते महिनाभर मागेच राहू द्या. ऑफिसात सहकाऱ्यांशी ओळख होते, कोण कुठून येतं ते कळतं, कधीकधी कुणाच्या सोसायटीतला फ्लॅट एजंटशिवाय मिळतो. आणि ट्रेनिंगनंतर बिल्डिंग बदलली तर नुकसान फक्त एका महिन्याचं.

> सावधान: पीजीत डिपॉझिट परत मिळण्याची अट पैसे देण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझ्या भाचीला "एक महिन्याची नोटीस" नंतर सांगितली गेली आणि डिपॉझिट गेलं. तोंडी बोलणं तिथे चालत नाही.

९. आता फ्लॅट

आता घरं बघा, आणि ठरलेल्या एरियातच. एजंट "सर, थोडं पुढे याच भाड्यात थ्री बीएचके देतो" म्हणेल. त्या "थोडं पुढे" मध्ये दोन अडकणारे चौक असतात.

हिशेब फक्त भाड्याचा करू नका. कागदावर लिहा: भाडं, मेंटेनन्स (मालक देणार की तुम्ही), टँकरचा वेगळा आकार, पार्किंग, डिपॉझिट, एजंटचं कमिशन, सोसायटीचा सामान आत आणण्याचा आकार, पेट्रोल किंवा पास. बॅचलर असाल तर सोसायटीची परवानगी मालकाकडून लेखी घ्या. टेम्पो गेटवर आल्यावर अडवलेली मुलं मी पाहिली आहेत.

घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. "मी बदलीवर बाहेर आहे, गेटपाससाठी रक्कम टाका, परत मिळेल" असं सांगून क्यूआर कोड पाठवणारे ठग असतात. मालक खरा आहे का हे बघायला त्याचं आधार, महावितरणचं बिल आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा) मागा. तिन्हीवर नाव जुळलं पाहिजे. जुळत नसेल आणि "भावाच्या नावावर आहे" असं सांगितलं, तर भावाशी बोला किंवा त्याचं अधिकारपत्र बघा.

१०. करार: नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार (आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. "स्टँप पेपरवर नोटरी करू, स्वस्तात होईल" याला नाही म्हणा. तो कागद शाळा, पासपोर्ट, बँक, कुठेही अडकतो.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,०००. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००, डिपॉझिटवरचं व्याज ५,५००. बेरीज २,२५,५००, त्यावर शुल्क साडेपाचशे-सहाशेच्या आसपास. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी, ती आधी ठरवा.

सही करण्यापूर्वी चार ओळी वाचा: लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती, दरवर्षी वाढ किती टक्के, रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का. नोकरीत बदली होण्याची शक्यता असेल तर लॉक-इन तीन महिन्यांवर आणायचा प्रयत्न करा, मालक बहुधा ऐकतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) मालकाचा पॅन लागतो. तो करारातच लिहून घ्या, मार्चमध्ये फोन उचलला जात नाही. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद ऑनलाइन होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही आयुक्तालयं वेगळी आहेत, आपल्या हद्दीचं निवडा.

११. चावी घेताना

रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंतीवरची ओल, फुटलेली फरशी, गिझर, पंखे, खिडक्यांच्या काचा, आणि विजेच्या मीटरचा आकडा. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. जुनं वीजबिल भरलेलं आहे का बघा. पाइपचा गॅस असेल तर आधीच्या भाडेकरूची थकबाकी विचारा, सिलिंडर असेल तर गावाकडचं कनेक्शन निघण्यापूर्वीच ट्रान्सफरला टाका.

टेम्पोची वेळ सोसायटीला विचारूनच ठरवा, बऱ्याच ठिकाणी रविवारी आणि संध्याकाळनंतर सामान आत घेऊ देत नाहीत. आणि सामान उतरवण्याआधी सगळे नळ एकदम सोडून पाच मिनिटं चालू ठेवा. वरच्या मजल्यावर धार बारीक झाली तर त्याच वेळी मालकाला फोन लावा, डिपॉझिटचा शेवटचा हप्ता राखून ठेवला असेल तर तो अजून तुमच्या हातात असतो.